शेळीचे दूध : कोणास हितकर, कोणास वर्ज्य?



पावसाळा सरत आला की डासांचे दिवस येतात, घरोघरी तापाची कुरबूर सुरू होते आणि त्याबरोबरच शेळीच्या दुधाचा शोधही सुरू होतो. एरवी ज्या शेळीकडे शहरातील मनुष्य ढुंकूनही पाहत नाही, तिच्या धन्याच्या दारी मग मोटारी उभ्या राहतात. कोणास डेंग्यूच्या रोग्यासाठी ते दूध हवे असते. कोणास मधुमेहावर वा वाढत्या वजनावर ते गुणकारी असल्याचे कळलेले असते. आणि एखादी तरुण माता अगदी निराळ्याच विवंचनेत असते. तिचे अंगावरचे दूध बाळास पुरत नाही असे तिला वाटते, गाईचे दूध बाळास सोसत नाही, आणि घरातील वडीलधारी माणसे सांगतात, “शेळीचे दे, ते आईच्या दुधासारखेच असते.”

या तीन प्रश्नांची उत्तरे एकसारखी नाहीत. शेळीचे दूध हे उत्तम अन्न आहे, याविषयी शंका नको. परंतु ते सर्व रोगांवरचे औषध नाही, आणि वर्षाच्या आतील बाळाचा आहार तर ते मुळीच नव्हे. यांतील शेवटचे विधान काहींना कठोर वाटेल. ते का करावे लागते, हे सांगणे हाच आजच्या लेखाचा मुख्य हेतू आहे.

जुना लौकिक

आपल्या देशात या दुधाची ख्याती आजकालची नाही. चरकसंहितेत ज्या आठ प्राण्यांच्या दुधाचा विचार आला आहे, त्यांत शेळी आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात तर या दुधाच्या हलकेपणाची उपपत्तीही दिली आहे. शेळी पाणी थोडे पिते, हिंडते फार आणि कडू-तिखट पाला खाते, म्हणून तिचे दूध पचण्यास लघु होते, असे तो सांगतो. शोष, ज्वर, श्वास, रक्तपित्त आणि अतिसार या विकारांत ते हितकर मानले गेले. शेळी ही गरिबाची गाय, हे वचन तर आपल्या खेड्यापाड्यांतून सर्वतोमुखी आहे.

अलीकडच्या काळात या दुधाला जो मान मिळाला, त्याचे मोठे कारण महात्मा गांधी होत. १९१८ साली खेडा जिल्ह्यात असताना त्यांना आमांशाने गाठले आणि त्यांची प्रकृती अतिशय ढासळली. पुढे १९१९ च्या आरंभी मुंबईत डॉ. दलाल यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली आणि स्पष्ट सांगितले की दूध घेतल्यावाचून हे शरीर पुन्हा भरून येणार नाही. गाई-म्हशींकडून अधिक दूध काढण्यासाठी होणारी क्रूर ‘फुंका’ क्रिया ऐकून गांधीजींनी दूध न घेण्याचे व्रत केले होते. शय्येजवळ उभ्या असलेल्या कस्तुरबांनी तेव्हा सुचविले की मग शेळीच्या दुधास हरकत नसावी. डॉक्टरांनी ते उचलून धरले आणि गांधीजींनी ते मानले. व्रताचे अक्षर पाळले गेले, आत्मा दुखावला, ही टोचणी त्यांना पुढेही राहिली आणि आत्मचरित्रात त्यांनी ती मोकळेपणाने नोंदविली.

या प्रसंगातील दोन बाबी आपल्या विषयाच्या दृष्टीने ध्यानात घेण्यासारख्या आहेत. डॉक्टरांनी दूध सांगितले ते खंगलेले शरीर भरून काढणारे अन्न म्हणून. आणि ज्यास ते सांगितले तो एकोणपन्नास वर्षांचा प्रौढ मनुष्य होता, तान्हे बाळ नव्हे. अन्न कोणते यास जितके महत्त्व, तितकेच ते कोणासाठी यासही असते.

पेलाभर दुधात काय असते?

शेळीच्या १०० ग्रॅम दुधात सुमारे ७० उष्मांक, साडेतीन ग्रॅम प्रथिने, चार ग्रॅमांच्या आसपास स्निग्धांश आणि साडेचार ग्रॅमांपर्यंत दुग्धशर्करा असते. शेळीची जात, तिचा चारा आणि ती व्याल्याला झालेले दिवस यांप्रमाणे हे आकडे थोडे मागेपुढे होतात. गाईचे दूध या बाबतीत त्याच्या जवळपासच असते. म्हशीचे दूध मात्र स्निग्धांशाने पुष्कळच भारी असते.

आपल्या घरातील २०० मिलिलिटरचा पेला घेतला, तर त्यातून साधारणपणे सात ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने आणि अडीचशे मिलिग्रॅमांहून अधिक कॅल्शियम मिळते. प्रौढ माणसास दिवसाला सुमारे १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे असते. म्हणजे एका पेल्याने त्याचा चौथा हिस्सा भागला. फॉस्फरस आणि पोटॅशियमही या दुधात चांगल्या प्रमाणात असतात. ‘अ’ जीवनसत्त्व त्यात तयार स्वरूपात असते. गाईच्या दुधाला पिवळसर झाक देणारे कॅरोटीन मात्र त्यात जवळजवळ नसते, म्हणून ते शुभ्र दिसते. शाळकरी मुलास, वृद्धास, आजारातून उठलेल्या माणसास, आणि ज्या घरात मांस, मासे वा अंडी वर्ज्य आहेत अशा कुटुंबास हे अन्न खरोखर मोलाचे आहे.

ते हलके का वाटते?

शेळीचे दूध पोटास हलके लागते, हा अनेकांचा अनुभव आहे, आणि त्यास कारणेही आहेत. दुधातील स्निग्धांश सूक्ष्म गोलकांच्या रूपाने तरंगत असतो. शेळीच्या दुधात हे गोलक गाईच्या दुधातल्यापेक्षा सरासरीने लहान असतात आणि ते एकमेकांस सहजी चिकटत नाहीत. म्हणूनच हे दूध ठेवले असता मलई लवकर वर येत नाही. गोलक लहान म्हणजे पाचकरसांना काम करण्यास पृष्ठभाग अधिक. दुसरे असे की जठरातील आम्लाने दूध फाटते तेव्हा शेळीच्या दुधाच्या गुठळ्या मऊ व भुसभुशीत होतात. गाईच्या दुधाच्या त्या मानाने घट्ट असतात. केसीन नावाच्या प्रथिनांच्या घडणीतील भेदामुळे असे घडते, आणि हा भेद शेळ्यांच्या जातीप्रमाणे कमी-अधिक असतो.

तिसरे कारण मौजेचे आहे. लॅटिन भाषेत शेळीस ‘काप्रा’ म्हणतात. त्या कुळातील शब्दांवरूनच कॅप्रोइक, कॅप्रिलिक आणि कॅप्रिक या तीन स्निग्धाम्लांची नावे पडली. शेळीच्या दुधाच्या स्निग्धांशात या तिघांचा वाटा सुमारे सातवा हिस्सा असतो. गाईच्या दुधात तो त्याच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. या आम्लांची साखळी आखूड असल्याने ती आतड्यातून थेट यकृताकडे जातात आणि लवकर इंधन म्हणून वापरली जातात. ज्यांना सामान्य स्निग्ध पदार्थ पचत नाहीत अशा रोग्यांसाठी रुग्णालयांतून याच जातीच्या आम्लांचे तेल वापरतात.

येथूनच वजन, मधुमेह व रक्तातील चरबी यांवर शेळीचे दूध गुणकारी असल्याच्या वार्ता उगम पावतात. त्यांचे माप घेऊन पाहिले पाहिजे. पेलाभर दुधात स्निग्धांश आठ ग्रॅम, आणि त्यात ही आम्ले जेमतेम सव्वा ग्रॅम. ज्या प्रयोगांतून या आम्लांचा चयापचयावरील परिणाम दिसला, त्यांत ती याच्या कितीतरी पट दिली जातात. स्पेनमधील ग्रानाडा विद्यापीठात शेळीच्या दुधाने लोह आणि कॅल्शियम यांचे शोषण सुधारते असे आढळले खरे, पण ते प्रयोग उंदरांवर झाले. उंदरांवरून माणसांविषयी निष्कर्ष काढण्याची घाई नको.

मधुमेही वाचकांनी एवढे जाणावे की पेलाभर शेळीच्या दुधातही सुमारे नऊ ग्रॅम दुग्धशर्करा असते. ती रक्तात हळूहळू उतरते, ही तिची जमेची बाजू होय. त्यात दोन चमचे साखर घातली की तो लाभ गेलाच. स्निग्धांशापैकी सुमारे दोन-तृतीयांश भाग संपृक्त स्वरूपाचा असल्याने हृद्रोग्यांनी शेळीचे दूध आणि गाईचे सायीचे दूध यांत फार अंतर मानू नये. मूत्रपिंडाच्या विकारात ज्यांना पोटॅशियम कमी घेण्यास सांगितले आहे, त्यांनी वैद्यांना विचारूनच ते घ्यावे. सांगण्याचे तात्पर्य असे की एक पेला दूध, बिनसाखरेचे, जेवणाच्या हिशेबात धरून घेतले तर ते हितकर. जेवणावर अधिक म्हणून चार पेले घेतल्यास वजन उतरण्याऐवजी वाढेल.

पानातले सत्त्व

आता मुख्य विषयाकडे वळू. या दुधात एक मोठी उणीव आहे, आणि तिची कथा आपल्या मुंबईशी जोडलेली आहे.

१९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज महिला डॉक्टर मुंबईस आल्या. त्या काळी गर्भवती स्त्रियांना, विशेषतः कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरीब स्त्रियांना, एक भयंकर पांडुरोग जडत असे. रक्तातील तांबड्या पेशी संख्येने थोड्या होत, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. अनेक स्त्रिया प्रसूतीच्या सुमारास दगावत. विल्स यांनी आधी जंतूंचा शोध घेतला, तो निष्फळ ठरला. मग त्यांनी या स्त्रियांचे ताट पाहिले. ज्यांच्या आहारात भाजीपाला व सकस पदार्थ यांचा अभाव होता, त्यांच्यात रोग अधिक होता. पुढे प्राण्यांवर आणि नंतर रोग्यांवर प्रयोग करताना त्यांना आढळले की यीस्टचा साधा, स्वस्त अर्क पोटात दिल्याने रक्त झपाट्याने सुधारते. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या अर्कात नेमके काय आहे हे ठाऊक नव्हते, म्हणून जग त्यास ‘विल्स घटक’ म्हणू लागले. पुढे १९४१ साली अमेरिकेत शास्त्रज्ञांनी चार टन पालकाच्या पानांपासून अल्पसे सत्त्व वेगळे केले आणि पानाच्या लॅटिन नावावरून त्यास फॉलिक आम्ल असे नाव दिले. विल्स यांच्या स्त्रियांना बरे करणारे द्रव्य याच कुळातले होते. आज गर्भवती भगिनींना ज्या गोळ्या देतात, त्यांत लोहाच्या जोडीला हेच सत्त्व असते.

याच्या आधीच, विसाव्या शतकाच्या आरंभी, जर्मनी आदी देशांतील बालरोगतज्ज्ञांस एक गोष्ट दिसून आली होती. ज्या तान्ह्या मुलांना केवळ शेळीच्या दुधावर वाढविले जाई, ती काही महिन्यांत फिकट पडत, निस्तेज होत, त्यांची वाढ खुंटे. या विकारास ‘शेळीच्या दुधाचा पांडुरोग’ असेच नाव पडले. कारण कळण्यास अर्थातच विल्स यांच्या शोधानंतरचा काळ उजाडावा लागला.

दैवाची गंमत पाहा. शेळी दिवसभर पाला ओरबाडते, आणि पाल्यातले हे सत्त्व नेमके तिच्याच दुधात फारसे उतरत नाही. १०० ग्रॅम शेळीच्या दुधात ते १ मायक्रोग्रॅमच्या आसपास असते. गाईच्या आणि मातेच्या दुधात ते सुमारे ५ मायक्रोग्रॅम असते. उकळल्याने असलेलेही काही नष्ट होते. तान्ह्या बाळास दिवसाला सुमारे ६५ मायक्रोग्रॅम हवे, असे आहारतज्ज्ञ मानतात. पाऊण लिटर शेळीचे दूध पिऊनही बाळाच्या वाट्याला आठ मायक्रोग्रॅमसुद्धा येत नाहीत. त्यातच ब-१२ हे जीवनसत्त्वही या दुधात फार थोडे असते, आणि दूध कोणतेही असो, लोह त्यात नावापुरतेच.

आणखी एक गोष्ट आहे. मातेच्या दुधात प्रथिने १०० ग्रॅमला अवघी एक ग्रॅम असतात, शेळीच्या दुधात त्याच्या तिप्पट-साडेतिप्पट. क्षारही असेच अधिक. तान्ह्याच्या कोवळ्या मूत्रपिंडांवर हा भार पडतो. एरवी तो कसाबसा पेलला जातो, परंतु ताप वा जुलाब झाला आणि शरीरातील पाणी घटले की हाच भार जिवावर बेततो. मग दुधात पाणी घालावे काय? पाणी घातले की उष्मांक आणि जीवनसत्त्वे आणखी घटतात, आणि पाणी दूषित असेल तर नवे संकट ओढवते. तो मार्ग नव्हे.

घरातील वडील माणसे म्हणतील, “आम्ही शेळीच्या दुधावर मुले वाढविली, त्यांना काही झाले नाही.” त्यांच्या सांगण्यात खोटे काही नाही. त्यांतील बहुतेक मुलांना अंगावरचे दूधही मिळत असे, आणि लवकरच मऊ भात, वरणाचे पाणी, भाकरीचा कुस्करा पोटात जाऊ लागे. पण त्या काळी जी मुले फिकट पडून, सुकत जाऊन गेली, ती दृष्टीने वा बाळदम्याने गेली असे म्हटले गेले. त्यांची साक्ष द्यावयास आज कोण आहे? वडिलांच्या अनुभवाचा मान ठेवूनही या एका बाबतीत त्यांचे न ऐकणे हेच बाळाच्या हिताचे होय.

म्हणून, भगिनींनो, पहिले सहा महिने बाळास केवळ आईचे दूध द्यावे, वरचे पाणीसुद्धा नको. “माझे दूध पुरत नाही” ही भीती पुष्कळदा निराधार असते. बाळ दिवसातून सहा किंवा अधिक वेळा स्वच्छ लघवी करीत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे असे समजावे. काही कारणाने अंगावरचे दूध देणे अशक्यच असेल, तर काय द्यावे हे डॉक्टरांनी ठरवावे. शेळीच्या दुधापासून बनविलेली व कमी असलेली जीवनसत्त्वे घालून तयार केलेली बालआहाराची भुकटी ही निराळी वस्तू आहे. गवळ्याकडून आणलेल्या शेळीच्या दुधाशी तिची गल्लत करू नये. बाळास वर्ष पूर्ण झाल्यावर, ते घरचे अन्न खाऊ लागले की त्याच्या जोडीला शेळीचे दूध खुशाल द्यावे.

कोणी अजाणतेपणी तान्ह्यास हे दूध देत आले असेल तर त्यांनी घाबरून जाऊ नये आणि स्वतःस दोषही लावून घेऊ नये. बाळास डॉक्टरांकडे नेऊन काय व किती दिवस दिले ते सांगावे. रक्ताच्या तपासणीने सर्व कळते आणि उपाय सोपा व स्वस्त आहे. मात्र फॉलिक आम्लाच्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नयेत. ब-१२ ची उणीव असेल तर ती त्यामुळे झाकली जाते आणि मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते.

गाईचे सोसत नाही, म्हणून शेळीचे?

‘गाईचे दूध सोसत नाही’ या एका वाक्याचे दोन निरनिराळे अर्थ होतात. एक, दुधातील प्रथिनांचे वावडे. अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, शौचात रक्त पडणे, श्वास लागणे ही त्याची लक्षणे. गाई-शेळीच्या दुधातील प्रथिनांत इतके साम्य असते की गाईच्या दुधाचे असे वावडे असणाऱ्या दहा मुलांपैकी नऊंहून अधिक मुलांना शेळीच्या दुधानेही तोच त्रास होतो. म्हणून अशा मुलास ‘जरा चाखवून पाहू’ म्हणूनही ते देऊ नये.

दुसरा अर्थ, दुग्धशर्करा न पचणे. मोठ्या माणसांत पोट फुगणे, गुडगुडणे व ढाळ होणे हे याचे लक्षण. शेळीच्या दुधात ही शर्करा किंचित कमी असते, पण असते. अशा माणसांना थोडे थोडे दूध, जेवणाबरोबर घेतलेले, बहुधा सोसते, आणि दही-ताक त्याहूनही चांगले सोसते.

डेंग्यू आणि शेळीचे दूध

डेंग्यूच्या तापात रक्तातील बिंबाणू, ज्यांना आपण सारे ‘प्लेटलेट’ म्हणतो, कमी होतात. शेळीच्या दुधाने ते वाढतात या समजुतीने अलीकडच्या काही वर्षांत उत्तर भारतातील शहरांतून तापाच्या साथीत या दुधाचे दर अनेक पटींनी चढले. या समजुतीस शास्त्रीय पुरावा नाही. ताप उतरण्याच्या सुमारास दोन-तीन दिवस बिंबाणू खाली जातात आणि मग रोगी सुधारू लागताच ते आपोआप चढतात. त्याच दिवसांत दूध दिलेले असते, म्हणून यश दुधाच्या पदरी पडते. शेळीच्या गळ्याखाली लोंबणाऱ्या स्तनांवरून संस्कृतात ‘अजागलस्तन’ हा दृष्टान्त रूढ आहे. दिसतात स्तन, पण दूध निघत नाही. या उपायाची गत तशीच आहे.

डेंग्यूच्या रोग्यास खरी गरज असते ती भरपूर पातळ पदार्थांची, विश्रांतीची आणि वेळेवर डॉक्टरांच्या देखरेखीची. तापासाठी पॅरासिटामॉल सोडून ॲस्पिरिन वा आयबुप्रोफेन यांसारखी वेदनाशामके आपल्या मनाने घेऊ नयेत. पोटात तीव्र दुखणे, वारंवार वांती, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, अंग गार पडणे, लघवी कमी होणे, यांपैकी काहीही दिसताच रुग्णालय गाठावे. ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण धोक्याचे दिवस तेव्हाच सुरू होतात. दुधाच्या शोधात वणवण करण्यात गेलेला एक दिवस अशा वेळी फार महाग पडतो. दूरवरून पाठविलेल्या संदेशांवर उपचार ठरविणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणेच होय, आणि येथे तर तो शब्दशः शेळ्यांचाच मामला आहे.

धारोष्ण दुधाचा मोह

साथीच्या दिवसांत हे दूध कच्चेच प्यावे असेही सांगितले जाते. त्यासाठी माल्टा बेटाची हकीकत सांगितली पाहिजे. भूमध्य समुद्रातील या बेटावर इंग्रज सैनिकांना एक चिवट ताप येई. तो लाटांप्रमाणे चढे-उतरे आणि महिनेच्या महिने रेंगाळे. १८८७ साली डेव्हिड ब्रूस या सैनिकी डॉक्टरांनी त्याचा जंतू शोधल्याचे प्रसिद्ध केले, पण तो शरीरात शिरतो कोठून हे कळेना. १९०५ साली थेमिस्टोक्लीस झामिट या माल्टाच्याच डॉक्टरांनी बेटावरील शेळ्यांचे रक्त तपासले. दिसण्यात धडधाकट असलेल्या शेळ्यांतच तो जंतू निघाला. तेथे शेळ्या दारोदार नेऊन उंबऱ्याशीच धार काढून देत. १९०६ साली सैनिकांच्या आहारातून ते दूध काढून टाकताच रोग्यांची संख्या एकदम घटली.

हा रोग, ब्रुसेलोसिस, आपल्या देशातही आहे. गर्भवतीस त्यामुळे गर्भपाताचा धोका असतो. एका तापावर उपाय म्हणून कच्चे दूध पाजून दुसरा ताप घरात आणणे हे शहाणपणाचे नाही. उपाय अगदी घरचा आहे. दूध आणताच गाळावे, ढवळत ढवळत चांगली उकळी आणावी, झाकून निववावे आणि थंड जागी ठेवावे. उकळल्याने प्रथिने वा कॅल्शियम काही नाहीसे होत नाही.

घरी आणताना

शेळीपालन हे आपल्या देशाचे मोठे धन आहे. २०१९ च्या पशुगणनेत शेळ्यांची संख्या १४ कोटी ८८ लाखांच्या घरात भरली. उत्तर प्रदेशात इटाव्याकडची जमुनापारी, पंजाबातील बीटल, राजस्थानातील सिरोही व जखराना, गुजरातेतील सुरती, केरळातील मलबारी, महाराष्ट्रातील संगमनेरी व उस्मानाबादी अशा प्रांतोप्रांतीच्या जाती आहेत. मथुरेजवळ मखदूम येथे १९७९ पासून शेळ्यांच्या संशोधनाची केंद्रीय संस्था काम करीत आहे. आपण ज्या राज्यात असाल तेथे थोडी चौकशी केल्यास चांगले दूध मिळू शकेल.

या दुधास उग्र वास येतो अशी अनेकांची तक्रार असते. काही अंशी तो वर सांगितलेल्या आम्लांचा गुण आहे, पण बराचसा अस्वच्छतेचा दोष असतो. धार काढताना बोकड दूर बांधलेला असावा, कास धुऊन पुसलेली असावी, भांडे कोरडे व स्वच्छ असावे आणि दूध लवकर तापवावे. मग वास पुष्कळ कमी होतो. या दुधाचे दही थोडे पातळ लागते, म्हणून निराश होऊ नये. त्याचे ताक फार चवदार होते, आणि खीर, पनीर, चहा यांतही ते चालते.

आणि शेवटी ताटाचा विचार. या दुधात जे नाही ते भाजीच्या टोपलीत आहे. पालक, मेथी, चवळीची पाने, हरभरा, मूग, भुईमुगाचे दाणे यांत फॉलिक आम्ल आहे. पालेभाजी फार वेळ शिजवू नये आणि शिजविलेले पाणी फेकू नये. भाकरी, डाळ, पालेभाजी आणि पेलाभर शेळीचे दूध, एवढ्याने थोडक्या पैशांत एक उत्तम जेवण होते. शेळीने पाला खाऊन आपल्याला दूध दिले, पण पाल्यातले सत्त्व काही तिने दिले नाही. ते आपल्याला आपल्याच ताटात वाढून घ्यावे लागते. ज्यास अजून ताटच नाही, त्या तान्ह्यासाठी मात्र आईचे दूध हेच अन्न, आणि ते नसेल तर डॉक्टरांचा सल्ला. आपल्या शेजारी, नात्यात कोणी नवी आई असेल, तर हे एवढे तिला अवश्य सांगा.